क्रियापदांचा गठ्ठा

२००६ सालची दिवाळीची सुट्टी. त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या. फुलसावंगीत कापूस वेचणीला आला होता, पण भावाचं कोणी बोलत नव्हतं. गाव गप्प होतं. फक्त निवृत्त सदाशिवराव गुरुजींच्या ओसरीवर रोज सकाळी कालवा चाले.

"गो!" नुजहत ओरडली.

"गो, वेंट, गॉन! क्रियापद!" गझालाने अंगठा जिभेला लावून भराभर कार्डं सरकवली आणि हवं ते सतरंजीवर आपटलं.

सातवीच्या स्कॉलरशिपसाठी गुरुजींनी या तिघांना शब्दांची कार्डं करून दिली होती. नामं नुजहतकडे, विशेषणं गोपालकडे आणि क्रियापदं गझालाकडे. शब्द पुकारला की ज्याच्या गठ्ठ्यात असेल त्याने त्याची जात आणि रूपं सांगायची.

कार्डं हाती आल्यावर तिसऱ्या दिवशी गझालाला ओकारी झाली. चौथ्या दिवशीही! तोंडातून लाळ थांबेना. तिचे वडील जमीर गाड्या दुरुस्त करत. ते तेलकट हातांनीच धावत आले.

"गुरुजी, पोरीले हे झेपून नाही राह्यलं. आता शिकवणी नको अन् शाळाही नको!"

गझाला रडली नाही. मान खाली घालून वडिलांमागे निघून गेली.

"ईदचा शिरखुर्मा बाधला असंल," गोपाल म्हणाला. "तिच्या सुग्राबी दादीच्या घरी तीन वाट्या हाणल्या तिनं."

"तू पाच हाणल्या! तुले काहून नाही झालं?" नुजहत म्हणाली.

नुजहत विचार करत राहिली. घरी दोन दिवसांत गझाला चांगली झाली होती. म्हणजे जे होत होतं ते इथंच!

दुसऱ्या दिवशी नुजहत आपल्याच जागेवर, पण गझालाचा गठ्ठा घेऊन बसली आणि तिच्यासारखाच अंगठा जिभेला लावून कार्डं सरकवू लागली. थोड्याच वेळात तिचं तोंड कडू झालं. मग डोकं गरगरू लागलं, मळमळू लागलं.

"जागा नाही, पाणी नाही," ती कशीबशी म्हणाली. "गोपाल, हा गठ्ठाच!"

गोपालने कार्डं उलटून पाहिली. नामं आणि विशेषणं लग्नपत्रिकांवर लिहिलेली होती. क्रियापदं मात्र खाकी पुठ्ठ्यावर, पांढरा कागद चिकटवून. त्याने एक कागद सोलला. खाली तेलकट डाग होता आणि लाल रंगात अर्धी कवटी!

"बाप रे! हे तं फवाऱ्याच्या औषधाचं खोकं हाय!"

"मंग वास काहून नाही आला?"

"फवारणीच्या दिवसांत गावभर तोच वास रायते. कोणाले कळन?"

आता गुरुजींना सांगायचं कोणी? नुजहतने कार्डं उचलली नाहीत. गुरुजींना हाक मारून ओसरीवर आणलं आणि बोट दाखवलं.

गुरुजींनी वाकून ती कवटी पाहिली. "खोकं माझ्या गोठ्यातलं. आत बाटली सांडली होती. पुठ्ठा जाड होता, म्हणून वाळवून कापला. एवढा शिकलेला मी!"

त्यांनी दोघी मुलींना महागावला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या तपासल्या. "आणखी आठवडा गेला असता, तर जिवावर बेतलं असतं. कोणी शोधलं हे?"

परतल्यावर गुरुजी थेट जमीरभाईंच्या दुकानात गेले. चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी हात जोडले. "चूक माझी आहे. पोरगी हुशार आहे. तिची शाळा तोडू नका."

जमीरभाईंनी त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले. "गुरुजी, असं नका करू. उद्यापासून पाठवतो तिले."

गझालाची दादी सुग्राबी यांनी नुजहत आणि गोपालच्या डोक्यावरून हात फिरवला. "मोठ्यांले नाही दिसलं, ते तुम्हाले दिसलं रे बच्चेहो!"

सुग्राबी पुढच्याच वर्षी गेल्या. जमीरभाईंचं दुकान आता त्यांचा पुतण्या चालवतो. नुजहत लग्न होऊन बोरी अरबला गेली. गोपाल शेती करतो आणि हातमोज्यांशिवाय फवारणीला कोणालाही शेतात उतरू देत नाही. गुरुजी शेवटपर्यंत दर हंगामात घरोघर जाऊन औषधाची रिकामी खोकी मागून घेत आणि नष्ट करत. गझालाची स्कॉलरशिप तीन गुणांनी हुकली. ती महागावला इंग्रजी शिकवते. पहिला पगार झाला, त्या दिवशी ती आधी गुरुजींच्या घरी गेली, मग आपल्या.