काच खाली ठेव

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गडमुडशिंगीच्या दूध संकलन केंद्रात मी काम करते. त्या दिवशी दुपारीच घरी परतले, कारण पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं आणि दुधाचा टँकर येणार नव्हता. लोक आणलेल्या किटल्या तशाच घेऊन माघारी निघाले होते. त्यातलंच थोडं दूध मी घेतलं. घरी सासरे एकटे होते, त्यांची चहाची वेळ झाली असणार, एवढंच डोक्यात होतं.

सासऱ्यांचं नाव आकाराम, पण सगळं गाव त्यांना आण्णा म्हणतं. घरात आम्ही दोघंच. माझा नवरा सम्राट जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

त्याच्याबद्दल आधी सांगायला हवं. तो फौंड्रीत वेल्डर होता. एकोणीसच्या महापुरात कोल्हापूरला येणारे रस्ते तुटले, पंपांवरचं पेट्रोल संपलं, आणि नेमका तेव्हाच माझ्या सासूबाईंना, सरुबाईंना, झटका आला. दारात आमची जुनी पेट्रोलची जीप उभी होती. टाकीत थेंब नव्हता. सम्राट बाटली घेऊन गावभर फिरला. तो रिकाम्या हातानं परत आला तेव्हा आण्णांच्या हातातला सासूबाईंचा हात गार पडला होता.

तेव्हापासून त्यानं लाकडाच्या गॅसवर गाडी चालवायचं मनावर घेतलं. लोखंडी बॅरल जोडून भट्टी केली आणि जीपच्या मागं बसवली. बंद भट्टीत लाकूड कमी हवेवर धुमसत ठेवलं की त्यातनं जळणारा गॅस निघतो. तो नळीतनं गार करत, भुशातनं गाळत इंजिनाला द्यायचा. किती वेळा गाडी गचके देऊन बंद पडली याचा हिशेब नाही. शेवटी एकदा ती बाभळीच्या ढलप्यांवर वेशीपर्यंत जाऊन आली, आणि सम्राट स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. "आता पेट्रोलपायी कुणाची आई जायची न्हाय," म्हणाला.

मलाही त्यानं सगळं शिकवलं. भट्टी कशी पेटवायची, गॅस तयार झाला हे कसं ओळखायचं. आणि दर वेळी बजावायचा, "काच खाली ठेव, क्रांती. ह्यो गॅस कळत न्हाय. नुसती झोप येती."

तोच त्या गॅसनं गेला. पावसाचं पाणी शेडमध्ये येत होतं म्हणून शटर ओढून घेतलं आणि भट्टी पेटवून गॅस कुठनं गळतोय ते बघत बसला. मी शटर वर केलं तेव्हा तो चाकाला टेकून बसला होता. गालांवर लाली होती. लग्नाच्या दिवशीसुद्धा तो इतका तजेलदार दिसला नव्हता. दवाखान्यात मी डॉक्टरांना सांगत राहिले, अहो, याचा चेहरा तर बघा, हा झोपलाय नुसता. डॉक्टर खाली बघत म्हणाले, या गॅसनं माणूस असाच दिसतो, ताई.

तो गेल्यावर आमच्या घरातल्या खिडक्या बंद राहीनात. रात्री कडी लावून झोपावं, तर सकाळी उघडी. आण्णा म्हणायचे, "लाकूड फुगलंय. कडी बसत न्हाय." आमच्या घरात भुताखेताला थारा नव्हता. मेलेला माणूस परत येत नसतो, हे आण्णांनी गावात सभा घेऊन सांगितलेलं.

तर त्या दुपारी मी दार ढकललं, आणि आण्णा जमिनीवर बसलेले. हात छातीवर. अंग घामानं निथळत होतं.

"आण्णा, काय हुतंय?"

"कळ मारतीया... डाव्या हातापत्तोर."

मी अॅम्ब्युलन्सला फोन केला. पुरात अडकलीय, वेळ लागेल, म्हणाले. शेजारी पळत गेले. कुणाच्याच गाडीत पेट्रोल नव्हतं, पंप पुन्हा दोऱ्या बांधून बंद केलेले होते. आण्णांच्या ओठांचा रंग बदलत चालला होता. तेव्हा मी शेडची किल्ली काढली.

सम्राटला बाहेर आणल्यापासून त्या शेडमध्ये मी पाय टाकला नव्हता. जीपवर धूळ होती. त्यानं भरून ठेवलेलं बाभळीचं पोतं कोपऱ्यात तसंच होतं. मी शटर पूर्ण वर केलं, शेडचं मागचं दारही उघडलं, भट्टी भरली, पेटवली आणि हवेचा पंखा फिरवत बसले. नळीच्या तोंडाशी काडी धरली. आधी पिवळा जाळ आला, मग हळूहळू निळा झाला, म्हणजे गॅस तयार. इंजिन खोकलं, परत खोकलं, आणि लागलं. तो आवाज ऐकून मला भडभडून आलं. पण रडायला सवड नव्हती. शेजाऱ्यांनी आण्णांना उचलून माझ्या शेजारी बसवलं.

ओढ्यावर पाणी आलं होतं, म्हणून वळसा घालून निघाले. दोन्ही बाजूंना ऊस, मधे चिखलाचा रस्ता, आणि चारच वाजले असून कंदील लावावा असा अंधार. पाऊस तिरका येत होता. आण्णा कुडकुडत होते. मला सम्राटचं बजावणं आठवत होतं, पण आण्णांकडं बघून राहवेना. थोडा वेळ, म्हणून मी वाकून त्यांच्या बाजूची काच वर केली. मग माझीही.

आत एकदम शांत झालं. नुसता वायपरचा आवाज.

थोड्या वेळानं तोंडावर पाणी आलं. माझी काच खाली गेली होती. जुनी गाडी, घसरली असेल. मी दांडा फिरवून ती परत वर केली. रस्ता लांबतच चालल्यासारखा वाटत होता. कपाळ जड झालं होतं. डोळे मिटले तर किती बरं वाटेल, असं मनात आलं.

"त्याला आत घे की गं," आण्णा पुटपुटले.

"कुणाला, आण्णा?"

"मागं भट्टीपाशी उभा हाय... पार भिजलाय."

मी आरशात बघितलं नाही. बघवलं नाही. बघितलं ते काचेच्या दांड्याकडं. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि दांडा फिरत होता. सावकाश, कुरकुरत, कुणीतरी जपून फिरवावा तसा. काच पूर्ण खाली गेली. मग आण्णांच्या बाजूचा दांडा फिरायला लागला. त्यांचे हात मांडीवर होते.

पावसाचा सपकारा तोंडावर आला आणि मी भानावर आले. जीप उसाच्या कडेला निघाली होती. मी ती रस्त्यावर घेतली. त्यानंतर काचेला हात लावला नाही. दवाखाना येईपर्यंत पावसात भिजत, मोठमोठ्यानं रडत गाडी चालवली. आण्णा मधूनच मागं हात करत होते, कुणाच्या तरी पाठीवरनं फिरवावा तसा.

आण्णा वाचले. पाणी उतरल्यावर सम्राटचा फौंड्रीतला मित्र बाळासो जीप बघायला आला. सीटखालनं इंजिनाकडं जाणारी नळी गंजून फाटली होती. त्यानं तिच्यात बोट घालून दाखवलं.

"वैनी, ह्यातनं समदा गॅस आत येत हुता. काचा वर असत्या तर तुम्ही दोघं पोचला नसता."

आण्णा पायरीवर बसून ऐकत होते. बाळासो गेल्यावर म्हणाले, "जन्मभर लोकांना सांगत आलो, मेलेला माणूस येत न्हाय. आता काय सांगू, पोरी?"

दिवाळीत माझी नणंद संयोगिता त्यांना गारगोटीला घेऊन गेली. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू बी चल. पोराला मोकळं सोड."

मी गेले नाही. कशी जाणार? रोज सकाळी उठून ती उघडी खिडकी बघायची, एवढंच माझ्याजवळ उरलं होतं.

बाळासोनं भट्टी काढून नेली त्या दिवशी शेड फार मोकळं दिसायला लागलं. संध्याकाळी मी जीपमध्ये जाऊन बसले, शेजारच्या रिकाम्या सीटकडं तोंड करून. आत कोंडलेलं सगळं त्या दिवशी बाहेर पडलं.

"मला वाचवून काय केलंस, सम्राट? हितं एकटीनं काय करू मी? वाचवायचंच हुतं तर संगं का न्हाय राहिलास?" आणि मग जे मनात होतं ते बोलून गेले. "मला बी घिऊन जा."

घरी येऊन मी भात टाकला, जेवले, झोपले.

दुसऱ्या दिवशी केंद्रावरनं आले, तर आमच्या खोलीची खिडकी बंद होती. सकाळी मी उघडी टाकून गेले होते. आतनं कडी लावलेली. घराला बाहेरनं माझं कुलूप होतं.

मला घेऊन जा म्हणाले, तेव्हापासून रोज असं होतं. मी उघडून जाते, येते तेव्हा बंद. आण्णांना मी कळवलेलं नाही. फोनवर ते विचारतात, झोप लागती न्हवं? मी म्हणते, चांगली लागती.

आता थंडी पडलीय. आज घरात शिरले तर भिंती, भांडी, अंथरूण, सगळं गारठलेलं. नेहमीसारखी खिडकीपाशी गेले आणि कडीला हात लावला. कडी गरम होती, कुणाचा तरी हात तिच्यावर असावा तशी.

मी तशीच उभी राहिले, तिच्यावर बोटं ठेवून. बाहेर अंधार पडला, गल्लीतले दिवे लागले. ती निवली नाही.

खिडकी मी अजून उघडलेली नाही.