महाराणीच्या बुडाशी पांढरं

"खून झाला, ताई. महाराणी गेली!"

हेमराजभाऊंनी अबोलीच्या दारातच बसकण मारली. अबोली बालाघाटातली एकमेव खासगी गुप्तहेर, आणि रजत तिचा मदतनीस. महाराणी कोण हे कळेपर्यंत रजतनं चेहरा दुःखी करून ठेवला. मग कळलं, लौकी. दुधीभोपळ्याचा वेल. परसवाडा गावच्या भाजी-प्रदर्शनात दरवर्षी पहिला.

"बुडाशी पांढरी भुकटी सापडली. ज्यानं टाकली त्याले मी सोडत नाही!"

हेमराजभाऊ गावातल्या सगळ्या दुकानांना मीठ पोचवत. त्यामुळे धमकीला वजन होतं.

हेमराजभाऊंच्या परसात जाळीचा पिंजरा होता, कुलूपबंद. किल्ली घरात देवापाशी. आत सुकलेला वेल, एकच मोठी लौकी आणि तिच्यावर वारा घालणारा कूलर. वरच्या पानांवर कणही नव्हता, भुकटी नेमकी बुडाशी.

हेमराजभाऊंच्या बायको, गीताकाकू, पदरानं वारा घेत पोहे घेऊन आल्या. रजतनं घास घेतला.

"काकू, मीठ विसरलात."

"संपलं," त्या म्हणाल्या.

पहिली संशयित खतवाली साधना. "हौ, दरवर्षी तिच्यापुढं हारते. पण माह्याजवळ अमोनियम सल्फेट हाय. ते घातलं तर लौकी फुगते. मी तिले काहून फुगवू?"

दुसरा शेजारचा धोबी हिरालाल. "तिच्या पायी माह्या तारेवर ऊन येत नाही. मरावी असं रोज वाटे. पण धुण्याचा सोडा मी तिच्यावर वाया घालवीन का?"

अबोलीनं सगळ्यांना परसात गोळा करून तिथंच परीक्षानळ्या मांडल्या. रजत नळाचं पाणी घेऊन आला.

"ओत ते. नळाच्या पाण्यातच क्लोराईड असतं, मग सगळं गावच गुन्हेगार ठरेल." तिनं बॅटरीचं शुद्ध पाणी काढलं आणि भुकटी त्यात विरघळवली.

पहिल्या नळीत आम्ल. बुडबुडा नाही. "कार्बोनेट नाही. हिरालाल सुटला."

दुसरीत बेरियम क्लोराईड. पाणी स्वच्छच. "सल्फेट नाही. साधना, तूही सुटलीस."

तिसरीत आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट. दूध फाटावं तसा पांढरा साका. अमोनिया घातल्यावर तो विरघळला.

"क्लोराईड. म्हणजे मीठ."

"माह्याच मालानं!" हेमराजभाऊ ओरडले. "ज्यानं टाकलं, आजपासून वर्षभर त्याच्या घरी मिठाचा कण जाणार नाही. तुम्ही सारे साक्षी. महाराणीची शपथ!"

"नक्की?" अबोलीनं विचारलं.

"नक्की!"

"मग ऐका. भिंतीवरून टाकलं असतं तर पानांवर सांडलं असतं. बुडाशी टाकायचं तर कुलूप उघडावं लागतं, आणि किल्ली देवापाशी. शिवाय मिठाच्या व्यापाऱ्याच्या घरी पोहे अळणी! डबा कुठं रिकामा झाला, काकू?"

गीताकाकूंनी वारा घेणं थांबवलं.

"मे महिन्यात कूलर तिले, अन् पदर मले. तिच्याशी तासन् तास बोलता. माह्याशी शेवटचं काय बोलले? 'तिच्या उन्हातून बाजूले हो.' मी बाजूले झाली. मग तिलेच बाजूले केलं."

काकूंनी लौकी तोडली, कूलर स्वयंपाकघराकडे वळवला आणि आत गेल्या.

फोडणी तडतडली. थोड्या वेळानं हेमराजभाऊंपुढं ताट आलं.

"घ्या. तुमची महाराणी."

त्यांनी घास तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "मीठ?"

"वर्षभर नाही. तुमचीच शपथ."

साक्षीदार तिथंच होते, त्यांना जायची काही घाई नव्हती. रजतनं हळूच विचारलं, "भाजीला अजिबातच चव नसेल ना?"

"लौकीच्या वाटचं मीठ लौकीनं आधीच खाल्लंय," अबोली म्हणाली आणि नळ्या धुवायला गेली.