त्या आठ आकड्यांत तू नव्हतास

"हात जरा वर घ्या... आणि हनुवटी खाली. कुमुद कधीच अशी हनुवटी वर काढून उभी राहत नाही."

मी वळून पाहिलं. रिंगच्या खाली एक चष्मेवाला तरुण उभा होता. गळ्यात मफलर, हातात चहाचा कागदी कप, आणि चेहऱ्यावर असा आव, की बॉक्सिंगचा शोध जणू ह्यानंच लावला.

गुरुग्रामजवळच्या मानेसरमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये आमच्या... म्हणजे माझ्याच सिनेमाचा सेट उभा राहत होता. सेट बघायला मला दिग्दर्शक विक्रांतनं बोलावलं होतं. रिंग रिकामी दिसली आणि मला राहवलं नाही. चढले, आणि मुठी आवळून उभी राहिले. लोकरीची टोपी पार डोळ्यांपर्यंत ओढलेली होती, त्यामुळे त्या पठ्ठ्यानं मला ओळखलं नव्हतं.

"अच्छा? कुमुदला ओळखता वाटतं तुम्ही?" मी विचारलं.

"तिची एकूण एक लढत पाहिलीय मी. फायनल तर इतक्यांदा, की रेफरीच्या बुटांचा रंगही सांगेन. तुम्ही डबल आहात ना, इशिता मॅडमच्या?"

इशिता म्हणजे पडद्यावर मी होणारी नटी. मी मान डोलावली. फुकटात स्वतःबद्दल ऐकायला मिळत असेल तर कोण सोडेल?

"कशी आहे हो ती कुमुद?"

"हट्टी. भयंकर हट्टी. आणि—" तो थांबला.

"आणि?"

"डोळे फार सुंदर आहेत तिचे. पण ते काही पटकथेत लिहिता येत नाही."

तेवढ्यात मागून विक्रांतचा आवाज आला, "अरे कुमुदजी! आप कब आईं?"

बिचाऱ्याचा अर्धा चहा मफलरवर सांडला. कान असे लाल झाले, की मला त्याची दयाच आली. हा चिन्मय. माझ्या सिनेमाचा लेखक. गुरुग्राममध्ये वाढलेला, आणि त्याचा हा पहिलाच सिनेमा.

आणि खरं सांगू? हनुवटी खरंच वर होती माझी. स्वतः लढणं सोडून मुलींना शिकवायला लागल्यापासून ती सवय बिघडलीच होती. ते ह्याच्या लक्षात आलं... हे मला फार आवडलं. बोलले नाही, एवढंच.

पुढच्याच रविवारी स्वारी लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये हजर. "डीटेल्स हवेत," म्हणे. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे माझं सगळं बालपण ह्याच सरकारी वसाहतीत गेलं. जानेवारीचं कोवळं ऊन पडलं होतं. आई समोरच्या हिरवळीवर सतरंजी घालून मटार सोलत बसली होती. करंज्या करायच्या होत्या. तिनं पाहुण्याला बसवलं आणि सरळ त्याच्यापुढे शेंगांची परात सरकवली. हा बापडा वही खिशात घालून मटार सोलायला लागला.

"पाच सोलले की दोन तोंडात जातायत," मी म्हटलं.

"रिसर्च आहे हो. कुमुद लहानपणी काय खायची, ते कळायला नको?"

आई हसली. आईला असं सहजासहजी हसू येत नाही, बरं का!

मग त्यानं फायनलबद्दल विचारलं. आई लगेच करंज्यांचं निमित्त काढून आत गेली. ती फायनल तिनं कधीच पूर्ण पाहिलेली नाही. मी खाली पडते तिथे ती टीव्हीसमोरून उठली, ती उठलीच.

मी ती फायनल हरले होते. तेव्हाही हरले, आजही हरलेलीच आहे. लोक अजून भेटले की चुकचुकतात, "अरेरे, थोडक्यात गोल्ड हुकलं!" मला राग येतो. शेवटच्या राउंडमध्ये त्या कझाकस्तानच्या मुलीचा ठोसा असा बसला, की मी सपाट खाली. आमच्यात कोणी पडलं की रेफरी आठपर्यंत आकडे मोजतो. तोवर सावरून उभं राहिलात तर खेळ पुढे, नाहीतर दहाला संपलं. मी उभी राहिले. आणि उरलेला राउंड अशी लढले, की हात तिचा वर गेला, पण टाळ्या मला जास्त पडल्या. माझ्या आयुष्यात निव्वळ माझं असं काही असेल, तर ते उभं राहणं. सिनेमाला होकार देताना मी विक्रांतला एकच अट घातली होती. फायनल जशी झाली तशीच दाखवायची.

"पडल्यावर काय ऐकू आलं?" चिन्मयनं विचारलं.

"काहीच नाही. सुधाकर सर, माझे कोच, कोपऱ्यात बसले होते. पण राउंड चालू असताना कॉर्नरवाल्यानं एक अक्षर बोलायचं नसतं. बोलला तर रेफरी बाहेर काढतो. सर नुसते टॉवेल चावत होते."

तो सोलायचा थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी शेंग उचलली. रिकामीच होती, तरी सोलत बसले.

त्यानंतर "डीटेल्स" फारच वाढले. तो माझ्या मुलींच्या प्रॅक्टिसला यायला लागला. एकदा हौसेनं हातात पॅड घालून माझ्यासमोर उभा राहिला आणि दुसऱ्याच ठोशाला मागच्या मागे बसला. मुली खिदळल्या. हा बसल्या बसल्याच म्हणाला, "लिहून घ्या. लेखकाला प्रत्यक्ष अनुभव आला."

आणि एक दिवस हिवाळ्यातला तो अवचित पाऊस... आम्ही घराजवळच्या आयएनए मार्केटात अडकलो. एका टपरीच्या ताडपत्रीखाली, हातात गरम मोमोज, अंगात हुडहुडी. 'तुम्ही'चं 'तू' कधीच झालं होतं. त्यानं माझा उजवा हात हळूच हातात घेतला आणि बोटांच्या हाडांवरचे घट्टे बघत राहिला.

"दुखतं?"

"आता नाही."

"तेव्हा?"

"तेव्हा दुखायला वेळ कुठे होता यार!"

त्यानं हात सोडला नाही. मीही काढून घेतला नाही. पाऊस थांबला तेव्हा मला वाईट वाटलं. आता बोलेल, मग बोलेल, म्हणून मी वाट बघायची. पण हा लेखक माणूस, जगाचे संवाद लिहील... स्वतःचा एक बोलेल तर शपथ!

फायनलच्या शूटिंगला मी आईबाबांना घेऊन मानेसरला गेले. शेडचं स्टेडियम झालं होतं. आसपासच्या कारखान्यांतले लोक प्रेक्षक म्हणून बसवले होते. रिंगमध्ये माझ्या निळ्या बनियनमध्ये इशिता. मला अगदी भरून आलं. विक्रांत "ॲक्शन" म्हणाला. इशिता पडली. रेफरी मोजायला लागला... आणि कॉर्नरमधून एक देखणा नट दोरीवर झेपावत ओरडला,

"उठो कुमुद! मेरे लिए उठो!"

आणि इशिता उठली! त्याच्याकडे बघत, डोळ्यांत पाणी आणून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कट होईपर्यंत कशी थांबले, माझं मला माहीत. मग चिन्मयला दंडाला धरून सेटच्या प्लायवूडमागे नेलं.

"हा कोण?"

"हिरो..."

"ते दिसतंय! माझी अट मोडून निर्मात्यानं घुसवला?"

तो खोटं बोलू शकला असता. पण त्यानं चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "नाही. मीच लिहिलं."

"तू? सगळं ऐकून? मटार सोलत सोलत ऐकलं होतंस ना?"

"कुमुद, ती फायनल बघताना मी दर वेळी ओरडतो. घरात, एकटा. तू उठतेस हे पाठ असूनही ओरडतो. मग तुझी ओळख झाली... आणि लिहायला बसलो, तर ते ओरडणं कागदावर आलं. तो हिरो मीच आहे. मला तिथे असायचं होतं. तुझ्याजवळ. माझं प्रेम आहे तुझ्यावर."

घ्या! इतके दिवस जे ऐकायला कान आसुसले होते, ते ह्यानं म्हणावं ते कधी? मला त्याला मिठी मारायची होती आणि ठोसाही मारायचा होता. दोन्ही अगदी एकाच वेळी.

"पण तू नव्हतास चिन्मय," मी म्हटलं. आवाज कापत होता, कापू दिला. "त्या आठ आकड्यांत कोणीच नव्हतं. ज्यांनी मला घडवलं ते सरसुद्धा गप्प बसून होते. तिथे मी होते फक्त. कुणासाठी नाही उठले मी. माझी मी उठले. तू प्रेम कर, जरूर कर... पण माझं उठणं स्वतःच्या नावावर करून घेऊ नकोस."

तो पांढराफटक पडला. चष्मा चढवला आणि तरातरा विक्रांतकडे गेला. मीही मागे.

"विक्रांत, वो लाइन निकाल रहा हूँ. वो लड़का भी."

"पागल है क्या? कल सेट उतर रहा है! ऑडियन्स को हीरो चाहिए, भाई."

"हीरो है ना," चिन्मय म्हणाला. त्यानं रिंगकडे बोट केलं. "वो रही. गलती मेरी थी. और अगर लाइन रखनी है, तो मेरा नाम हटा दो."

पहिला सिनेमा बरं का हा त्याचा! मग दोरीला टेकून उभी असलेली इशिता म्हणाली, "सर, एक बार बिना लाइन के करते हैं." आणि मला विचारलं, "दीदी, आपके मन में क्या था, उस वक्त?"

"मॅट ठंडी थी," मी म्हटलं. "और मुझे बहुत गुस्सा आ रहा था. अपने आप पर."

तिनं मान डोलावली. विक्रांत कपाळाला हात लावून म्हणाला, "चलो. एक टेक."

इशिता पडली. ह्या वेळी कोणी ओरडलं नाही. कॉर्नरमध्ये सुधाकर सर झालेला म्हातारा नट तोंड मिटून बसला. रेफरीचे आकडे तेवढे शेडभर घुमत होते. तिनं आधी एक गुडघा टेकला, मग हातमोजा. दात आवळले. आणि उठली... कुणाकडेही न बघता. लढली. हरली. रेफरीनं दुसरीचा हात वर केला, आणि प्रेक्षक म्हणून आणलेली माणसं, कोणी न सांगता, इशितासाठी उभी राहिली. विक्रांत कट म्हणायचं विसरला.

माझ्या शेजारी आई होती. ह्या वेळी ती उठून गेली नव्हती. माझा हात घट्ट धरून बसली होती.

"अशीच उठलीस गं तू?" तिनं विचारलं.

"हो आई."

"मी बघायला हवं होतं," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. बाबा ताठ बसून पलीकडच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "ये हमारी बेटी है. वो नहीं, असलीवाली... ये!"

संध्याकाळी सगळे बाहेर पडले. कारखान्यांच्या बसेस माणसं भरून निघाल्या होत्या. चिन्मय एकटाच फाटकाशी उभा होता, शाळेत छड्या खाल्लेल्या मुलासारखा. मी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"कुमुद, सॉरी. मी—"

"थांब. तुझं बोलून झालं. आता मी." छातीत असं धडधडत होतं, की फायनललाही धडधडलं नसेल. "मला तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून. आणि आज तू स्वतःचंच लिहिलेलं सगळ्यांसमोर खोडलंस ना... तेव्हा मला तुझा इतका अभिमान वाटला, इतका, की... तेच ते. प्रेम आहे माझं तुझ्यावर."

तेवढ्यात आईबाबा येऊन पोचले.

"आई, बाबा, हा चिन्मय."

"माहितीये की," आई म्हणाली. "मटार खाऊन गेलाय माझे."

"तसं नाही. ह्याच्याशी लग्न करायचं ठरवलंय मी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "ह्याला विचारलंस का?"

"आत्ता विचारते. चिन्मय, करशील?"

चिन्मयचे डोळे भरून वाहायला लागले, त्या चष्म्याआड. मग त्यानं होकाराची मान डोलावली. जोरजोरात, दोनदोनदा. बाबांनी पुढे होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. मी त्याचा हात धरला, आईबाबांसमोर, मानेसरच्या भर रस्त्यात, आणि आम्ही चौघं गाडीकडे निघालो.