ओढस्वर

गडहिंग्लजात आता इंग्रजीचं कुणाला भय उरलं नव्हतं. कानात 'बोलकी' अडकवायची, मोबाइलवर ॲप सुरू करायचं, की वर्षाच्या आत माणूस फाडफाड बोलू लागे. विलासराव तर कॅनडातल्या गोऱ्या सुनेशी गप्पासुद्धा हाणू लागले. पण धडा ज्याला त्याला ओळखीच्याच कुणाच्या तरी आवाजात येई, आणि तो ऐकताना ते गालातल्या गालात हसत. तेच त्यांच्या बायकोला, शालनला खुपत होतं.

"अहो, कुणाचा आवाज येतो हो तुम्हाला?"

"असतो कुणाचा तरी," म्हणत ते गच्चीवर सटकले.

शालनचा जळफळाट झाला. शेजारची मंदाकिनी तर नसेल? भजनात काय लाडिक गाते मेली! तिने तडक भाचीला फोन लावला. चारुशीला ते ॲप बनवणाऱ्या कंपनीत शास्त्रज्ञ होती.

"मावशी, मेंदू सगळ्यांचंच मनावर घेत नाही," चारुशीला समजावू लागली. "बाळ आईचे शब्द पटकन उचलतं, कारण त्याला तिची ओढ असते. बोलकी तुझ्या मोबाइलमधले सगळे आवाज, फोन, व्हिडिओ, ग्रुपवरचे निरोप, थोडेथोडे ऐकवते आणि कानातल्या कानात नाडी मोजते. ज्या आवाजाला मेंदू सगळ्यात जास्त खुलतो, तो तुझा ओढस्वर. धडे त्याच आवाजात."

"म्हणजे ज्याच्यावर जीव, त्याचा आवाज?"

"तसंच म्हण."

"मग यांना कुणाचा येतो ते सांग."

"ते ज्याचं त्यालाच कळतं. आम्हालाही दिसत नाही."

"चुकत असेल की कधी!"

"नाही गं. तेच तर अवघड आहे."

शालन इरेला पेटली. आपल्याला यांचाच आवाज येणार, मग बघतेच कशी मान वर करतात! तिने आपल्या मोबाइलवर ॲप सुरू केलं आणि बोलकी कानात घातली. थोडी खरखर झाली आणि आवाज आला.

आत्याचा हणमंत! शालन आत्याच्याच घरी द्यायची, हे लहानपणापासून ठरलेलं. पत्रिका आडवी आली. आता त्याच्या आवाजातले सणासुदीचे निरोप तेवढे घरच्या ग्रुपवर येत. तो कानात "गुड मॉर्निंग" म्हणाला आणि बाई कानशिलापर्यंत लाल झाली.

"काय गं, कुणाचा आवाज आला?" विलासराव दारात उभे होते.

"तुमचाच की! दुसऱ्या कुणाचा येणार?"

विलासरावांचा चेहरा खुलला. "मग सांगतो आता. लाज वाटत होती इतके दिवस. मलाही तुझाच येतो."

शालन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांच्या चेहऱ्यावर खोटं कुठेच दिसत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरही त्यांना ते दिसलं नव्हतं.