पाचवा चौकोन

आत्याकडे त्या रविवारी मी गेलो तो फक्त पासवर्ड बदलायला. अर्ध्या तासाचं काम होतं. जाताना कोपऱ्यावरून गरम जिलेबी घेतली, म्हणजे किती निवांत मनानं निघालो होतो बघा.

भामाआत्या हैदराबादेत, बरकतपुऱ्यात एकटी राहते. वय एकाहत्तर, शाळेत गणित शिकवायची, अजूनही भाजीवाल्याचा हिशेब त्याच्याआधी तोंडी करते. तिची मुलगी त्रिवेणी बंगळूरला असते. "घरात कॅमेरे बसव, मला इथून दिसू देत. नाहीतर चल माझ्याबरोबर," असा तिनं निर्वाणीचा इशारा दिला होता. आत्याला घर सोडायचं नव्हतं, म्हणून कॅमेरे आले. चार. फाटक, हॉल, स्वयंपाकघर आणि बाजूचा बोळ. मागच्या अंगणात मात्र तिनं बसवू दिला नाही.

"तिथं मी केस वाळवत बसते. कॅमेरा नक्को," ती म्हणाली. "आणि मकरंदा, त्रिवेणीनं बघितलं तर बघू दे. पण साऱ्या हैदराबादेला माझा हॉल दिसायला नको हं."

तिची भीती खरी होती. बसवणाऱ्यानं कारखान्यातला पासवर्ड तसाच ठेवला होता, आणि राउटरमधून कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला सरळ बाहेरचा रस्ता मोकळा करून दिला होता. म्हणजे फाटकाला कुलूप आणि मागची भिंतच पाडलेली. मी एका कॉलेजात नेटवर्कचंच काम बघतो, त्यामुळे माझे हात शिवशिवायला लागले. तो रस्ता बंद केला, रेकॉर्डरचं जुनं सॉफ्टवेअर बदललं, लांबलचक पासवर्ड घातला. मग राउटरवर व्हीपीएन लावलं, म्हणजे बाहेरून घरात यायला फक्त आपल्या माणसांपुरतं भुयार. त्याच्या चाव्या दोनच. एक त्रिवेणीच्या फोनमध्ये, एक माझ्या.

"आता मुंगीसुद्धा शिरणार नाही," मी जिलेबी खात म्हणालो.

"हौ, मुंगी जिलेबीत शिरली बघ," आत्या म्हणाली आणि आम्ही दोघंही हसलो.

निघताना फाटकाशी उभं राहून मी सहज फोनवर तपासलं. चार कॅमेऱ्यांचे चार चौकोन नीट दिसत होते. आणि त्यांच्याखाली पाचवा.

त्यात मागचं अंगण होतं. धुण्याचा दगड, दोरीवरची आत्याची हिरवी साडी, जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचं, म्हणजे संपाचं, लोखंडी झाकण. सगळं वरून, साधारण दोन माणसांच्या उंचीवरून. आणि चित्र किंचित हलत होतं... पुढे, मागे. पुढे, मागे.

मी परत आत गेलो. रेकॉर्डर उघडला. चार वायरी आत येत होत्या, पाचव्या खाचेत धूळ होती. मागच्या अंगणात गेलो, फोन हातात धरून. चौकोनात माझं टक्कल दिसलं. मी हात हलवला, चौकोनातल्या माणसानंही हलवला. चित्र जिथून येत होतं तिथं मान वर करून पाहिलं. भर अकराचं ऊन होतं. तिथं नुसती हवा होती.

"आत्या... इथं वर पूर्वी काय होतं गं?"

ती दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. तिचा हात चिमट्यावर थांबला.

"जांभूळ होतं. कधीच तोडलं. का रे?"

"काही नाही," मी म्हणालो.

खरं सांगितलं असतं तर त्रिवेणी दुसऱ्या दिवशी सामान बांधायला हजर झाली असती. तिला मी फोनवरून सहज विचारून पाहिलं. तिला चारच चौकोन दिसत होते. मी पासवर्ड पुन्हा बदलला, चाव्या नव्यानं बनवल्या, रेकॉर्डर पुसून पहिल्यापासून सुरू केला. पाचवा चौकोन जागचा हलला नाही. नंतर नंतर मी त्याची सवयच करून घेतली. आत्या पापड घालताना दिसायची, कावळ्याशी भांडताना दिसायची. भीतीपेक्षा करमणूकच जास्त व्हायची. फक्त ते झुलणं... त्याकडे मी फार वेळ बघत नसे.

तीन आठवडे गेले. त्या दिवशी दुपारी चारला मी सुलतान बाजारात पँटचं कापड बघत होतो. खिशातला फोन थरथरला. 'पाच – हालचाल.' थांबला, पुन्हा थरथरला. पुन्हा. दुकानदार म्हणाला, "देख लो साब, घर से होंगा."

उघडलं तर पाचवा चौकोन वेड्यासारखा हलत होता, एखादी फांदी कुणी दोन्ही हातांनी गदागदा हलवावी तसा. त्या हलत्या चित्रात संपाचं झाकण बाजूला पडलेलं. आणि आत्या जमिनीवर. एक पाय मांडीपर्यंत संपाच्या तोंडात गेलेला, दोन्ही हातांनी धुण्याचा दगड धरलेला.

तिचा नंबर लावला. दुसऱ्या चौकोनात, हॉलच्या टेबलावर, तिचा फोन उजळून एकटाच वाजत राहिला. शेजारी तिरुपतीला गेलेले. मी कापड तिथंच टाकून पळालो.

"कायकू इत्ता परेशान होरे साब?" ऑटोवाल्यानं विचारलं.

"फूफी गिर गई. जल्दी..."

त्यानं मग सिग्नलही पाहिले नाहीत. वाटेत मी फोनवरून नजर काढली नाही. मी निघाल्यापासून चित्र एकदम स्थिर झालं होतं. अगदी स्थिर. श्वास धरून कुणी बघत बसावं तसं.

माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडून मागे धावलो. ओल्या सिमेंटचा वास, आणि आत्याचं बारीक कण्हणं. काखेत हात घालून तिला वर ओढलं. घोटा सुजून कोहळ्यासारखा झालेला. तिनं डोळे उघडले.

"आधी झाकण लाव... पाणी खराब होईल."

मला रडू आणि हसू एकदम आलं.

घोटा मोडला होता, बाकी सगळं शाबूत. डॉक्टर म्हणाले, उन्हात आणखी दोन तास पडून राहिल्या असत्या तर कठीण होतं. त्रिवेणी रात्रीच्या विमानानं आली, आईला भरपूर रागावली, मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपली. चार दिवसांत तिलाही कळलं, ही बाई इथून हलायची नाही. तिनं घरून काम करायची परवानगी काढली आणि तीच मुक्कामाला राहिली. घर भरलं. प्लॅस्टरवर आत्यानं त्रिवेणीकडून पाढे लिहून घेतले, बघणाऱ्यांची परीक्षा घ्यायला.

परवा संध्याकाळी भेटायला गेलो. त्रिवेणी औषधं आणायला बाहेर पडली होती. आम्ही दोघंच हॉलमध्ये. आत्यानं सरळ विचारलं, "मकरंदा, मागं कॅमेरा नाही. मग तुला मी दिसले कशी?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी फोन तिच्या हातात दिला. पाचवा चौकोन पुन्हा मंद झुलत होता. पण त्या दिवशी त्यात आणखी काहीतरी होतं. चित्राच्या खालच्या कडेला दोन लहान पाय लोंबत होते. अनवाणी. एका पायात पैंजण, दुसरा मोकळा.

आत्या बराच वेळ बघत राहिली. घाबरली नाही. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"अजून तिथंच... त्रिवेणीच्या आधीची माझी पोर, जांभळावरून पडलेली..." ती पुटपुटली. मग अगदी हळू, शेजारी बसलेल्या मलाही जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "उतर गं आता... पुरे झालं."

पाय हलायचे थांबले.

मग चित्र खाली यायला लागलं. हातभर... आणखी हातभर. धुण्याचा दगड जवळ आला, जमीन जवळ आली. अंगण सरकायला लागलं, बेताबेतानं, घराच्या दिशेनं. चौकोनात मागच्या दाराची फळी दिसली, उंचच उंच, खालून वर पाहावं तशी.

आत्यानं फोन माझ्या हातात दिला. चेहरा कितीतरी वर्षांनी उजळल्यासारखा.

"मकरंदा, मागचं दार तेवढं उघड बाबा," ती म्हणाली. "तिचा हात कडीपर्यंत पोचत नाही."