वाफ न धरणारा चष्मा

तो दवाखान्यात शिरला तो आडवा होऊनच. खोटं नाही सांगत, खांदेच असे की सरळ आला असता तर चौकट गळ्यात घेऊन आला असता. धंदा खिडक्यांना काचा बसवायचा, आणि त्याच काचेनं तळहात चिरलेला.

भुलीची सुई दिसली मात्र, या पहाडानं हात असा झटकला — रक्ताचा शिंतोडा थेट नर्सच्या डोळ्यात!

संरक्षक चष्मा होता हो तिच्याकडे. वाफ धरली म्हणून नुकताच कपाळावर सारलेला.

"नळाखाली धर! चोळू नकोस!" मोठ्या सिस्टर ओरडल्या.

पाणी वाहत राहिलं... तिच्या डोक्यात मात्र प्रश्न. काय असेल त्या रक्तात? घरी आईला काय सांगायचं?

डॉक्टरांनी तिला संसर्ग टाळायची खबरदारीची गोळी लगेच दिली आणि काचवाल्याला विचारलं, "तुमचं रक्त तपासू द्याल?"

तो पांढराफटक. "म्हणजे... पुन्हा सुई?"

तिनं लाल डोळ्यानं पाहिलं. त्यानं मुकाट्यानं दंड पुढे केला, डोळे घट्ट मिटले. "बादलीभर घ्या. फक्त तुम्ही बोलत राहा."

"काय बोलू?"

"रागवा."

मग ती अशी रागावली, अशी रागावली, की मोठ्या सिस्टरांना सुई टोचावीच लागली नाही. रक्त घाबरून आपणहून नळीत चढलं.

टाके पडले. अहवालाची वाट बघत दोघं एका बाकावर, दोन टोकांना.

"माझ्यात काही निघालं तर?" तो हळूच म्हणाला. "सुईच्या भीतीनं कधी तपासलंच नाही..."

म्हणजे हाही घाबरलाय! ती जराशी सरकली. "तर दोघं गोळ्या घेऊ. मला त्या गोळीनं मळमळतंय, तुम्हालाही मळमळू दे."

तो हसला. तिचा चष्मा मागून घेतला, काचांवर आतून साबणाचं बोट फिरवलं, सदऱ्याच्या टोकानं पुसत बसला — अहवाल येईपर्यंत पुसतच बसला.

"स्वच्छ आहे!" डॉक्टर म्हणाले. तिचा आधी लाल डोळा वाहिला, मग दुसरा. "गोळ्या बंद. खात्रीला तुझी तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करू."

"मी येतो," काचवाला म्हणाला.

"सुई मला टोचणारेत!"

"म्हणून तर. तुम्हाला रागवायला कुणी नको?"

आला. तिचाही अहवाल स्वच्छ निघेपर्यंत त्याच बाकावर बसला, पण या खेपेला टोकाला नाही.

तिनं चष्मा काढून आतून फुंकर मारली. "वाफ धरत नाही हो!"

"मग... नीट दिसतंय?"

"दिसतंय ना. एक माणूस काहीतरी विचारायला घाबरतोय."

"सुईपेक्षा जास्त..."

"मग मिटा डोळे, आणि विचारा."

त्यानं मिटले. शब्द फुटायच्या आत टाक्यांच्या वणावर तिची बोटं टेकली...

या वेळी त्यानं हात झटकला नाही.