भेंडी, भोंगा आणि कानिफनाथ

"अध्यक्ष, मला आत सोडा. माझ्या अळ्या उपाशी हायेत."

कृषी विद्यापीठाच्या गेटला साखळी घालून, कुलूप ठोकून मी नुकतीच वळले होते, तेवढ्यात हे वाक्य कानावर आलं. समोर एक उंच, सावळा मुलगा… केस विस्कटलेले, काखेत मक्याच्या पानांची पेंढी. चेहरा इतका काळजीत, की घरी लेकरं रडत असावीत.

"कुठल्या अळ्या?"

"लष्करी अळ्या. मक्यावरच्या. कीटकशास्त्रात पीएचडी करतोय मी. सकाळचा चारा राह्यलाय त्यांचा."

"आज सगळं बंद आहे, भाऊ. एक दिवस उपास घडू दे."

"उपाशी राह्यल्या की एकमेकींला खातात त्या."

"मग विद्यार्थी परिषदेत घेते त्यांना. तिथं हेच चालतं."

मला वाटलं चिडेल. तो हसला. हसताना त्याचे डोळे पार मिटतात, हे माझ्या लक्षात आलं… आणि का आलं म्हणून मी स्वतःवरच चिडले.

"तेवढं भाऊ म्हणू नका," तो म्हणाला. "कानिफनाथ नाव हाय. पाथर्डीचा. नुसतं कानिफ म्हणलं तरी चालंल."

आणि पेंढी मांडीवर घेऊन तो तिथंच गेटशेजारी दगडावर बसला.

मी राजनंदिनी. नाव ऐकून कुणाला राजवाडा दिसत असेल तर आधीच सांगते, आमचे आप्पा काष्टीच्या बाजारात बैलांचे दलाल. त्यामुळे आवाज जन्मजात दणदणीत. त्याच आवाजावर मी परिषदेची निवडणूक जिंकले, आणि एकीकडे भेंडीवर पीएचडीही चालू होती. केवडा रोग न पडणारी भेंडी तयार करायची होती मला. आमचे गाईड बोऱ्हाडे सर सारखे म्हणायचे, "राजनंदिनी, आंदोलन पुढं ढकलता येतं. भेंडीचं फूल नाही."

पण आंदोलनाला कारणही तसंच होतं. मुलींच्या वसतिगृहात आठवडाभर नळाला पाणी नव्हतं. बोला आता! तासाभरावर हिवरे बाजार, आमच्या वर्गात पाणलोटाचे धडे, आणि आम्ही बादल्या घेऊन गाईंच्या हौदावर! निवेदनं झाली, आश्वासनं झाली. शेवटी काल सभेत माझं डोकं फिरलं आणि मी भोंग्यावर जाहीर करून टाकलं, "उद्या सकाळपासून गेट बंद! पाणी येत नाही तोवर चिटपाखरू आत जाणार नाही!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! टाळ्या पडल्या की मला पुढचं काही दिसत नाही.

आणि सभा संपल्यावर मी काय केलं? रोजच्या सवयीनं प्लॉटवर गेले आणि दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्यांमधले पुंकेसर चिमट्यानं काढून वर लाल पिशव्या चढवून आले. भेंडीचा संकर असाच करतात. संध्याकाळी कळी तयार ठेवायची, सकाळी ती उमलली की दुसऱ्या जातीच्या, पांढऱ्या पिशवीत झाकलेल्या फुलाचा पराग तिला लावायचा. ऊन चढायच्या आत. दुपारी फूल मिटलं की संपलं. त्यात हा हंगामाचा शेवटचा बहर. हुकला तर अख्खं वर्ष पाण्यात.

एका डोक्यात गेट, दुसऱ्या डोक्यात भेंडी, आणि दोन्ही डोक्यांची एकमेकांशी ओळखच नाही!

हा उजेड पडला तो ऐन घोषणेच्या मध्ये. "पाणी आमच्या हक्काचं…" असं मी ओरडले, आणि गेटच्या पलीकडे नजर गेली. हाकेच्या अंतरावर माझ्याच लाल पिशव्या वाऱ्यावर डोलत होत्या. वर आभाळ भरून आलेलं. पाऊस आला तर पराग भिजणार, तो खेळही खलास. घोषणा अर्धीच राहिली. ती अलिझानं पूर्ण केली. अलिझा म्हणजे माझी रूममेट आणि परिषदेची सचिव.

"काय झालं?" दगडावरून कानिफनं विचारलं. "तुमच्या पन अळ्या हायेत का आत?"

"भेंडी," मी दातांतल्या दातांत म्हणाले. "उमललीये."

"अरारारा… किती फुलं?"

आजूबाजूला चारशे कान. आमच्या बाजारात चारचौघांत भाव फोडायचा नसला, की हातांवर उपरणं टाकतात आणि खाली बोटं धरतात. मी ओढणी टाकली आणि खाली त्याची चार बोटं धरली.

"चाळीस?" तो हळूच म्हणाला.

"तुम्हाला कळतं हे?"

"आमचा आजा बैलंच विकायचा की."

त्याची बोटं गार होती… की माझीच गरम होती, कोण जाणे. भाव कळल्यावरही हात लगेच कुणी काढला नाही, एवढं मात्र खरं.

"ऐका," तो कुजबुजला. "कोंबड्यांच्या शेडामागं तारेला भगदाड हाय. गुपचूप जा, उरकून या. मी कुनाला बोलनार न्हाई."

"आणि तुमच्या अळ्या?"

"त्या खातील एकमेकींला. अळ्या परत वाढवता येतील. तुमचं वर्ष कुठून आनायचं?"

अगं बाई! मी या माणसाला तासभर गेटवर अडवून ठेवलेलं, आणि ह्याला काळजी माझ्या वर्षाची. मला एकदम भरून आलं. पाय तर भगदाडाकडे वळलेच होते. पण समोर अलिझा घसा फोडून घोषणा देत होती, आंघोळीविना, माझ्या शब्दावर. तिला नियम, आणि अध्यक्ष तेवढी भगदाडातून? छे! माझ्याच्यानं होईना.

मी भोंगा उचलला.

"मित्रांनो, मी माती खाल्ली! आत माझी भेंडी उमललीये आणि बाहेर मीच कुलूप लावून बसलेय!"

हशा पिकला. पिकू दे म्हटलं.

"म्हणून नियम बदलायचा, पण सगळ्यांसाठी! ज्याचं आत काही जिवंत आहे त्यानं जायचं. अळ्या, कोंबड्या, गाई, फुलं. फायली मात्र बाहेर! कुणाची हरकत?"

"कुलसचिवांना जिवंतात धरायचं का?" मागून एकानं विचारलं.

सगळ्यांनी हात वर करून मंजुरी दिली. मी कुलूप काढलं आणि आत पाऊल टाकणार, तेवढ्यात अलिझानं माझा दंड धरला. "कुठं चाललीस? कुलसचिव निघालेत, आत्ता पोचतील. तू नसलीस तर पाण्याचं बोलणार कोण?"

हे बरंय! आता?

"मी करतो," कानिफ उठला.

"तुला जमेल?"

"मधमाशीला जमतं, मला का न्हाई जमनार? तुमी नुसतं सांगत ऱ्हावा."

आणि पेंढी तिथंच टाकून तो पळत सुटला. फोन माझा केव्हाच मेलेला. हातात होता तो भोंगा. मग काय… सांगितलं भोंग्यावरून!

"कानिफ! आधी पांढऱ्या पिशवीतलं फूल घे! तो नर!"

"व्हय!" आतून आवाज आला.

"आता लाल पिशवी काढ! हळू! ओढू नको, नाजूक आहे ती!"

"ओ होऽऽ!" दोनशे पोरं एका सुरात.

"पराग मधोमध टेकव! घासू नको… नुसता स्पर्श कर!"

अलिझा ओढणी तोंडात कोंबून खाली बसली. माझे कान तापले, पण थांबून कसं चालेल? आभाळ खाली येत होतं.

"झालं? आता परत झाक तिला! भिजू देऊ नको!"

"जपेन की!" तो ओरडला, आणि एवढ्या शिट्ट्या पडल्या की निवडणुकीतही पडल्या नव्हत्या.

त्या शिट्ट्यांमध्येच कुलसचिवांची गाडी आली. "हा काय प्रकार आहे?"

"परागीकरण, सर," अलिझानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं.

त्यांनी प्लॉटकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. "माझी पीएचडी वांग्यावर आहे. आधी उरका हे, मग बोलू." आणि मग न राहवून स्वतःच ओरडले, "अरे ए, डावीकडची ओळ राहिली!"

एवढा वाकलेला माणूस दलालाची पोर सोडते होय! पुढच्या अर्ध्या तासात मी सौदा तोडला. टँकर आजच, नवी मोटर याच आठवड्यात, आणि तोवर अतिथिगृहाचे नळ मुलींना खुले. आम्ही घोषणा देतोय तोच भुरभुर सुरू झाली, आणि कानिफ गेटमधून आला. शर्ट ओला, नाकाच्या शेंड्यावर पिवळा पराग.

"झाल्या सगळ्या," तो म्हणाला. मी ओढणीनं त्याचं नाक पुसलं, दोनशे लोकांसमोर. ध्यानातच राहिलं नाही.

फळ धरलं की नाही ते कळायला चार-पाच दिवस लागतात. ते दिवस माझे कसे गेले, माझं मला माहीत. कानिफ रोज सकाळी प्लॉटवर हजर. "अळ्यांसाठी भेंडीची चार पानं पाहिजेत." त्याच्या अळ्यांना मका लागतो, हे मला ठाऊक होतं. मी पानं देत राहिले.

"किती उरल्या रे त्या?" एकदा भीत भीत विचारलं.

"निम्म्या. पन उरल्यात त्या लई माजल्यात. आता आमचे सर म्हनतात, उपासाचा परिणाम म्हनून एक प्रकरण वाढव."

मग तो दिवस उजाडला. माझी पिशव्या उघडायची हिंमत होईना. मी डोळे मिटून बांधाशी उभी राहिले, आणि तो ओळीतून फिरत एकेक पिशवी उघडत गेला. शेजारी बाया खुरपत होत्या, बांधावर अलिझा भोंगा घेऊन बसली होती. भोंगा परत द्यायला निघालेल्या हिला नेमकी आजच प्लॉटवरून वाट सापडली होती.

"सांग ना… लागल्या?"

त्यानं माझ्या ओढणीचं टोक ओढून हातांवर घेतलं. खाली एक बोट धरलं. मग दुसरं… तिसरं… चौथं. मग अंगठाही धरला.

"पन्नास?" मी डोळे उघडले. "चाळीसच तर होत्या!"

"भेंडीचं इचारता व्हय? चार-दोन सोडल्या तर समद्या लागल्यात. ही बघा फळं, एवढी एवढी झालीत."

माझं वर्ष वाचलं होतं. मला रडू फुटायचंच बाकी होतं. पण हात अजून ओढणीखालीच होता.

"मग हा… हा कशाचा भाव?"

"भाव न्हाई करत," तो खाली मातीकडे बघत म्हणाला. "हात धरलाय."

दोनशे पोरांपुढं न अडखळणारी मी… शेवटी कसंबसं म्हणाले, "मागणी मंजूर."

"काय?" तो वाकला. "मोठ्यानं बोला की."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मोठ्यानं बोलायला सांगत होतं, आणि आवाज फुटत नव्हता. तेवढ्यात बांधावरून भोंगा कडाडला.

"कानिफ, ती हो म्हणतीये! आता हात सोडा, बायांचं खुरपणं थांबलंय!"

खुरपणाऱ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं हात काही सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.